साउंडबार आला म्हणून वडिलांची सिस्टीम भंगारात काढायची का?

उदगीरच्या एका दादांनी प्रश्न टाकलाय, आधी तो थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. त्यांच्या नवीन घराचं बांधकाम चालू आहे, स्लॅब पडलाय, प्लास्टर बाकी आहे. घरात वडिलांनी 1991 साली घेतलेली सिस्टीम आहे, एक स्टिरिओ अँप (अँप्लिफायर), दोन मोठे उभे स्पीकर, कॅसेट डेक आणि रेकॉर्डी वाजवायचं टर्नटेबल, आणि हे सगळं आठ-दहा वर्षांपासून बंद पडून आहे. मुलगा म्हणायलाय की हे काढून टाका, एक चांगला साउंडबार नाहीतर दोन स्मार्ट स्पीकर घ्या, नुसतं बोललं की गाणं लागतं. दादांनी दीड लाख बाजूला ठेवलेत आणि त्यांचं म्हणणं असं की हायएंड ऑडिओ, म्हणजे नीट बसून ऐकायची असली भारी सिस्टीम, आता संपतच चाललंय का, यात पैसे घालणं म्हणजे वाया घालवणं आहे का.

मी 1996 पासून अँप आणि स्पीकर दुरुस्तीचं काम करतो, आधी संभाजीनगरला पैठण गेटजवळ दुसऱ्याच्या दुकानात आणि 2004 पासून स्वतःच्या. घरोघरी जाऊन सिस्टीम बसवूनही देतो. त्यामुळं मी जे सांगतो ते टेबलावर उघडून पाहिलेल्या मालावरून आणि गिऱ्हाइकांच्या घरात बसून ऐकलेल्या आवाजावरून सांगतो.

दादा, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. एक, सोयीचं तंत्रज्ञान आलं की जुनं हायएंड मरतं का. दोन, तुमच्या घरात कुणी बसून गाणं ऐकणार आहे का. दुसऱ्याचं उत्तर फक्त तुम्हाला माहीत आहे आणि खरं सांगायचं तर पैशाचा निर्णय त्यावरच आहे. घरात गाणं म्हणजे सकाळी पोळ्या लाटताना लावलेला हरिपाठ, पोरांच्या अभ्यासाच्या वेळी बारीक आवाजात काहीतरी, पाहुणे आले की दोन जुनी गाणी, एवढंच असेल तर बिनधास्त स्मार्ट स्पीकर घ्या, त्यात कमीपणा काही नाही. माझ्या घरी स्वयंपाकघरात एक आहे आणि दिवसभर चालतो, ओल्या हातानं बटण दाबावं लागत नाही ही फार मोठी सोय आहे. पण आठवड्यातून दोनदा जरी तुम्ही दिवा बारीक करून तासभर नुसतं ऐकायला बसणार असाल तर पुढचं सगळं नीट वाचा.

आता पहिला प्रश्न. "हे आता संपलं" असं मी आयुष्यात खूपदा ऐकलंय आणि माझ्या आधीच्या कारागिरांनी माझ्यापेक्षा जास्त ऐकलंय. फिलिप्सनं 1963 ला कॅसेट आणली तेव्हा रेकॉर्ड मरणार होती, 1979 ला वॉकमन आला, 1982 ला सीडी आली, मग एमपीथ्री, 2001 ला आयपॉड. दर वेळी काहीतरी मेलं हे खरंय, पण नेमकं काय मेलं ते बघा. मेला तो मधला माल. नव्वदच्या दशकाच्या शेवटी लग्नात, घरभरणीत जी मिनी सिस्टीम द्यायचे ती आठवते का, चंदेरी प्लास्टिक, तीन सीडींचा चेंजर, निळे लाइट नाचणारे आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात 3000 वॉट पीएमपीओ, म्हणजे नुसता कागदावरचा फुगवलेला आकडा. आतला ट्रान्सफॉर्मर हातात घेतला की कळायचं, 30-40 वॉटच्या वर तो खरं काही देऊच शकत नव्हता. तो सगळा माल साउंडबारनं आणि ट्रॉलीवाल्या पार्टी स्पीकरनं खाऊन टाकला आणि बरं झालं, कारण आजचा बरा साउंडबार त्याच्यापेक्षा स्वच्छ वाजतो. पण जे खरंच चांगलं होतं ते राहिलं. बीबीसीच्या इंजिनियर लोकांनी 1970 च्या दशकात बाहेरच्या रेकॉर्डिंगच्या गाडीत ठेवायला एक छोटा स्पीकर बनवला होता, एलएस-थ्री-फाइव्ह-ए, तो आजही नवा बनतो आणि नवा विकला जातो. आणि अमेरिकेत 2022 साली रेकॉर्डी सीडीपेक्षा जास्त नग खपल्या, 1987 नंतर पहिल्यांदा. रेकॉर्ड सीडीपेक्षा चांगली असते म्हणून नाही, मोजमापात सीडीच सरस आहे, पण लोकांना सुई ठेवून बसायचं होतं.

तर सोय कशाला मारते? गाणं जिथून येतं ती जागा मारते. डेक, सीडी प्लेअर, ट्यूनर, ही सगळी खोकी फोननं गिळली आणि ती आता परत येणार नाहीत. पण गाणं जिथून हवेत जातं, म्हणजे दोन स्पीकर आणि तुमची खोली, तिथं सोयीचं काही चालत नाही कारण तिथं मामला हवा ढकलण्याचा आहे.

हे जरा उलगडून सांगतो. 20 सेंटीमीटरचा वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर, खालच्या सुराला जेवढी हवा ढकलतो तेवढीच हवा 5 सेंटीमीटरच्या कोननं, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यानं, ढकलायची म्हटली तर त्याला 16 पट पुढंमागं जावं लागेल, कारण क्षेत्रफळ सोळावा हिस्सा आहे. आणि सूर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच आवाजासाठी कोनला आणखी चौपट हलावं लागतं. एवढं ते हलूच शकत नाही, त्याला हलवणारी तारेची कॉइल बाहेर येईल. मग स्मार्ट स्पीकरवाले काय करतात तर खालचा मूळ सूर कापतात आणि त्याचे वरचे हार्मोनिक, म्हणजे त्याच सुराच्या दुपटी-तिपटीचे सूर, वाढवतात, आपला मेंदू ते ऐकून खालचा सूर मनानंच भरून काढतो. ही चांगली युक्ती आहे, मी तिला फसवणूक म्हणत नाही. पण तबल्यावर ऐका. डग्ग्यावर तळहाताचा दाब देत वादक तो घुमारा वर चढवतो ना, छोट्या डब्यात तो नुसता "ऐकू" येतो आणि मोठ्या कोनवर तो छातीला कळतो, चामडं ताणलं जातंय हे कळतं. तानपुऱ्याचंही तसंच. जवारीतून, म्हणजे तार घोडीला जिथं घासते तिथून, जे सूर उमलत जातात ते एका डब्यातून आले की एक सलग गुणगुण होते, दोन स्पीकर सात-आठ फूट लांब ठेवले की गाणारा मधे बसतो आणि तानपुरे त्याच्या मागं जातात. ही दोन बाजूंची कल्पना इंग्लंडच्या अ‍ॅलन ब्लमलाइन या इंजिनियरनं 1931 ला पेटंट केली आणि अजून तिला तोड नाही. एका लांब डब्यात डावा-उजवा भरून भिंतीवर आवाज आपटून रुंदी आणता येते, सिनेमाला ते चालतं, ख्यालाला मला ते कधी पटलं नाही.

एक गोष्ट मात्र हायएंडवाले लोक उगाच वाढवून सांगतात, ती म्हणजे ब्लूटूथची बदनामी. साधा एसबीसी कोडेक, म्हणजे ब्लूटूथची गाणं आकसून पाठवायची पद्धत, चांगल्या सेटिंगला सेकंदाला 328 किलोबिट देतो, सीडी 1411 देते, हे आकडे बरोबर आहेत. पण माझ्याकडं आलेल्या लोकांना मी एकच गाणं एकाच अँपवर ब्लूटूथनं आणि वायरनं ऐकवतो, आवाजाची पातळी सारखी करून, तेव्हा दहातल्या बहुतेकांना फरक सांगता येत नाही आणि ज्यांना येतो त्यांनाही तो थोडाच वाटतो. तेच स्पीकर भिंतीला चिकटवले किंवा दोन फूट पुढं ओढले की घरातली आजीसुद्धा सांगते काहीतरी बदललं म्हणून. म्हणून पैसे कुठं घालायचे ते यावरून ठरवा.

आता सोयीच्या बाजूचा एक खरा धोका. जालन्याच्या एका डॉक्टरांनी सात-आठ वर्षांमागं फार महागाचे वायरलेस स्पीकर घेतले होते, अँप आत, नेटवर्क आत, सगळं ॲपवरून. आवाज खरंच सुंदर. मग त्या कंपनीनं ते ॲप अपडेट करणं सोडलं, डॉक्टरांनी फोन बदलला आणि नव्या फोनवर ते ॲप चालेना. साधी वायर लावायची सोय त्याला ठेवलेली नव्हती. मी उघडून पाहिला, कोन जसेच्या तसे, वरचे सूर वाजवणारा ट्वीटर ठणठणीत, लाकूड उत्तम, आणि आत आवाज पोचवायचा रस्ताच बंद. तीन दिवस टेबलावर ठेवला, क्रॉसओव्हरचं, म्हणजे खालचे-वरचे सूर वेगळे करून ज्याच्या त्याच्या कोनला द्यायचं, काम सगळं त्या एकाच बोर्डाच्या प्रोग्राममधे होतं, शेवटी तसाच परत दिला. धडधाकट माणूस मुका व्हावा तसं वाटलं मला. मोठ्या कंपन्यांच्या मालाचंही आयुष्य बघा, गूगलचं क्रोमकास्ट ऑडिओ 2015 ला आलं आणि 2019 च्या सुरुवातीला बनणं बंद झालं, ॲपलचा पहिला होमपॉड 2018 ला बाजारात आला आणि 2021 ला बंद, पुढचा यायला 2023 उजाडलं. तुमच्या वडिलांचं अँप 1991 चं आहे. त्याच्या आत एकही प्रोग्राम नाही, म्हणून त्याला कुणी लांबून बंद करू शकत नाही.

तेव्हा माझा नियम असा, की डोकं आणि शरीर एका डब्यात घ्यायचं नाही. स्पीकर आणि अँप टिकाऊ घ्या, आणि गाणं आणणारा स्मार्ट भाग वेगळा आणि स्वस्त ठेवा, पाच-सहा वर्षांनी तो जुना झाला की बदलून टाकायचा, बाकीच्याला हात लागत नाही.

अंबाजोगाईचे एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांचं उदाहरण देतो म्हणजे कळेल. सिस्टीम साधारण तुमच्यासारखीच, वडिलांऐवजी स्वतःच्या पहिल्या फंडातून घेतलेली. आणली तेव्हा एका स्पीकरच्या मागच्या भोकातून उंदरानं आत घर केलं होतं, कापूस सगळा कुरतडलेला, आणि वूफरच्या कडेचा फोम बोट लावताच खारीसारखा चुरा होऊन मांडीवर पडला. मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं संपलं. मी म्हणलं सर, कोन शाबूत आहे, कॉइल घासत नाही, हे फक्त कातडं गेलंय. नवा रबरी सराउंड, म्हणजे कोनच्या कडेची पट्टी, चिकटवला, अँपमधले वीज साठवणारे मोठे कंडेन्सर बदलले, सिलेक्टरचे कॉन्टॅक्ट धुतले, आणि नेटवरून गाणं आणणारा एक छोटा स्ट्रीमर जोडून दिला, सुनेच्या फोनवरून गाणं लागेल असा. मग त्यांनी भीमसेन जोशींची एक मैफल लावायला सांगितली, जी त्यांच्याकडं कॅसेटवर होती आणि ती कॅसेट कधीच चिकटून गेली होती. विलंबित सुरू झालं. दोन-तीन आवर्तनं झाल्यावर मास्तर हळूच म्हणाले, श्वास ऐकू येतोय हो. तेवढंच बोलले आणि पुढची वीस मिनिटं दुकानात कुणी काही बोललं नाही, बाहेर रिक्षांचा गोंगाट चालू होता तरी. आता बघा, ती मैफल त्यांच्यापर्यंत आणली कुणी तर फोननं. आणि ऐकवली कुणी तर तीस वर्षांच्या लाकडानं. सोय आणि हायएंड एकमेकांचे वैरी आहेत असं मला तेव्हापासून अजिबात वाटत नाही.

कंपन्यांनाही हे कळलंय बरं का. सॅमसंगनं 2017 ला हार्मन घेतली, म्हणजे जेबीएल, मार्क लेव्हिन्सन सगळं त्यांच्याकडं गेलं. 2024 च्या शेवटी बोसनं मॅकिंटॉश आणि सोनस फाबेर घेतलं, मॅकिंटॉश म्हणजे 1949 पासून अँप बनवणारं नाव. 2025 मधे हार्मननं बॉवर्स अँड विल्किन्स, डेनॉन, मरांट्झ घेतलं. सोयीचा माल विकून मोठ्या झालेल्या कंपन्या पैसे मोजून जुनी नावं घ्यायलेत. यानं त्या नावांचा दर्जा टिकेलच असं मी म्हणत नाही, त्याची मला काळजीच वाटते, पण मेलेल्या धंद्याला कुणी एवढे पैसे देत नाही.

मला भीती वेगळ्याच गोष्टीची आहे. मराठवाड्यात कोन बदलणारे, कॉइल भरणारे हात कमी होत चाललेत. माझ्या उमेदवारीच्या दिवसात एकट्या आमच्या भागात चार-पाच जण होते, आता लोक नांदेड-परभणीहून एसटीच्या डिकीत स्पीकर टाकून माझ्याकडं आणतात. पार्टसाठी मला अजून मुंबईला लॅमिंग्टन रोडला माणूस पाठवावा लागतो. नवीन पोरं मोबाइल दुरुस्ती शिकतात, त्यांचं चुकत नाही, पोट त्यात आहे. पण सिस्टीम सोयीमुळं नाही मरणार, दुरुस्त करणारा न मिळाल्यामुळं मरेल. कुणाचा मुलगा डिप्लोमा करून हातानं काम करायची आवड असलेला असेल तर मी शिकवायला तयार आहे, हे मनापासून सांगतो.

आता तुमचे दीड लाख. आतापर्यंत जे बोललो त्यावरून दिशा अशी की आधी जुनं तपासा, नवीन नंतर. अँपची सर्व्हिस आणि वूफरचे सराउंड मिळून माझ्याकडं साधारण आठ ते बारा हजारात होतं, ट्रान्सफॉर्मर जळालेला नसेल तर. स्ट्रीमरला सहा-सात हजार धरा. डेकमधे मी पैसे घालणार नाही जोपर्यंत वडिलांच्या आवाजाच्या किंवा घरच्या कार्यक्रमाच्या कॅसेट नाहीत, त्या असतील तर मात्र जरूर घाला आणि त्या लगेच फोनवर उतरवून घ्या, टेप दर वर्षी खराब होत जाते. टर्नटेबलला बेल्ट आणि सुई लागेल. स्पीकरच मुळात चांगले नसतील, म्हणजे नुसता मोठा डबा आणि आत हलका चुंबक, तर मग साठ-सत्तर हजारात एक नवी बुकशेल्फ, म्हणजे छोट्या स्पीकरची, जोडी घ्या आणि अँप तेच ठेवा. उरलेले पैसे खोलीत घाला.

खोलीचं लोक कधीच विचारत नाहीत आणि अर्धा आवाज तिथंच असतो. आता सगळीकडं व्हिट्रिफाइड फरशी, पीओपी, मोठ्या काचा, उघड्या भिंती. मधे उभं राहून एक टाळी वाजवा, "टन्नन" असं काहीतरी मागं येतं ना, तेच प्रत्येक शब्दावर बसतं. महागडे पॅनल लावायची गरज नाही. स्पीकर आणि बैठकीच्या मधे जाड सतरंजी, मागच्या भिंतीवर आजीची एखादी चांगली गोधडी टांगा, कापसाची गादी आणि लोड, एका भिंतीला पुस्तकांचं कपाट. गोधडी भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून टांगली तर जास्त काम करते. मी कितीतरी घरात हे केलंय आणि लोक विचारतात अँप बदललं का.

प्लास्टर व्हायच्या आधी दोन कामं करून घ्या, नंतर फोडाफोडी करावी लागते. स्पीकरच्या जागेपर्यंत रिकामा पाइप टाका, त्यातून अडीच एमएमची तांब्याची वायर जाईल आणि शेजारून एक लॅनची वायर. आणि अर्थिंग खरं करा, खड्डा, कोळसा, मीठ, प्लेट, सगळं व्यवस्थित, कारण आपल्याकडं निम्म्या घरात तिसऱ्या पिनला मागं काही जोडलेलंच नसतं आणि मग लोक "भुंssss" असा आवाज येतो म्हणून अँप उचलून आणतात. इन्व्हर्टर घ्याल तर साइन वेव्हचाच घ्या, साध्यावर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो. वळवाच्या पावसात विजा सुरू झाल्या की प्लग काढून ठेवा, स्विच बंद करून भागत नाही, दर मे महिन्यात माझ्याकडं अशी पाच-सहा अँप येतात.

आणि एक कळकळीची विनंती, आठ-दहा वर्षं बंद असलेलं अँप उत्साहात थेट प्लगला लावू नका. आतले कंडेन्सर सुकलेले असतात, एका झटक्यात आउटपुटचे ट्रान्झिस्टर आणि सोबत स्पीकर घेऊन जातात. उदगीरमधे कुणी जुना रेडिओवाला असेल त्याच्याकडं सिरीज बोर्ड असतो, 100 वॉटचा बल्ब मधे टाकून आधी चालू करायचं. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, पूर्ण पेटलेलाच राहिला तर लगेच बंद करा आणि तसंच घेऊन या. स्पीकरची पुढची जाळी हळूच काढा, वूफरच्या कडेची पट्टी बोटानं अगदी अलगद दाबून बघा, रबर असेल तर लवचिक लागेल, फोम असेल तर चिकट किंवा चुरा. मग मधल्या भागाला दोन्ही अंगठ्यांनी सरळ आत ढकला, खरखर आवाज येतो का ऐका. एवढं बघून खोलीचं माप, खिडकी कोणत्या भिंतीला आहे ते आणि अँपच्या मागच्या बाजूचा एक फोटो टाका, मग स्पीकर कुठं ठेवायचे आणि पाइप कुठून न्यायचा ते मी आकृती काढून देतो.